बाजारातला हिशेब जमतो, वहीतला जमत नाही: मुलांच्या संकल्पना आणि बुद्धिमत्ता यांचे नाते

‘शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणतो, पण पाच पेन्सिली दे म्हटलं की मूठभर देतो.’ ‘घरी सगळं समजतं, शाळेत मात्र बाई म्हणतात हिला काहीच कळत नाही.’ ‘डॉक्टर, आयक्यू तपासून घेऊ का?’ मुलांच्या डॉक्टरांकडे ताप-खोकल्याच्या जोडीने आता असे प्रश्नही येतात. पालकांच्या मनात खरी शंका एकच असते: माझे मूल बुद्धीने कमी तर नाही ना?

ही शंका मनात असलेल्या प्रत्येक पालकाने २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेला एक भारतीय अभ्यास समजून घ्यावा. मुलाला उत्तर येणे, गोष्ट समजणे आणि मूल हुशार असणे या तीन गोष्टी आपण सहसा एकच धरतो. त्या वेगवेगळ्या आहेत, हे या अभ्यासाने आपल्याच देशातील मुलांच्या उदाहरणातून दाखवले. या लेखात आपण त्याचा अर्थ, मूल संकल्पना कशी घडवते, बुद्ध्यांक नेमके काय मोजतो आणि डॉक्टरांकडे केव्हा जायचे, हे पाहू.

अभ्यासात काय दिसले?

नोबेल पारितोषिक विजेते अभिजित बॅनर्जी व एस्थर दुफ्लो आणि मुलांच्या आकलनावर संशोधन करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की यांच्यासह एका गटाने कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा अभ्यास केला. संशोधकांचे लोक ग्राहक बनून गेले आणि नेहमीपेक्षा वेगळ्या वजनाची खरेदी केली. हिशेब कसा असतो, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, ३० रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे आणि ४० रुपये किलोचे दीड किलो कांदे घेतले आणि २०० रुपयांची नोट दिली. २४ अधिक ६० म्हणजे ८४, परत द्यायचे ११६. असे हिशेब बहुतेक सर्व मुले कागद-पेन्सिलीशिवाय करत होती.

मग त्याच मुलांना तितकीच किंवा त्याहून सोपी गणिते शाळेच्या पद्धतीने, नुसत्या आकड्यांत मांडून दिली. तेव्हा ती अडली. पाठांतर, कुणाची मदत किंवा परीक्षेची भीती यांनी हा फरक समजावून सांगता येतो का, हेही संशोधकांनी तपासले. तसे आढळले नाही.

उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. जवळच्या शाळांत जाणाऱ्या, पण विक्रीचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांना वहीतली साधी गणिते अधिक चांगली जमली. मात्र बाजारातला जो हिशेब काम करणाऱ्या मुलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मुलांनी सोडवला, तो शाळकरी मुलांपैकी फक्त १ टक्का मुलांना जमला.

या दोन गटांपैकी हुशार कोण? वहीवर तपासले तर शाळेतली मुले, बाजारात तपासले तर काम करणारी मुले. म्हणजे प्रश्न कुठे आणि कसा विचारला यावर आपला ‘हुशार’ किंवा ‘ढ’ हा शेरा ठरतो. दोन्ही गटांकडे ज्ञान होते. एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी नेण्याचा पूल मात्र कोणाकडेच पुरेसा पक्का नव्हता.

(मुलांनी बाजारात काम करावे असा याचा अर्थ मुळीच नाही. त्यांचे शिक्षण आणि आरोग्य यांची त्यात मोठी हानी होते.)

संकल्पना म्हणजे काय?

दीड वर्षाचे मूल कुत्र्याला ‘भूभू’ म्हणते. मग मांजरीला, गाईला आणि चित्रातल्या सिंहालाही ‘भूभू’ म्हणते. आपण हसतो आणि दुरुस्त करतो. पण त्या ‘चुकी’त मोठे काम झालेले असते. चार पाय, अंगावर केस, आपोआप हालचाल या खुणा मुलाने स्वतः वेचल्या आणि त्यांचा एक गट केला. वेगवेगळ्या दिसणाऱ्या गोष्टींत सारखेपणा शोधून त्यांना एकत्र बांधणे म्हणजे संकल्पना. पुढे गाईचे हंबरणे, मांजरीची चाल, कुत्र्याचे शेपूट हलवणे पाहून मूल हा गट फोडते आणि नवे गट करते. संकल्पना अशी घडते: आधी ढोबळ, मग नेमकी.

यासाठी तीन गोष्टी लागतात.

• अनुभव: हाताळणे, चाखणे, उचलणे, सांडणे. ‘जड’ हा शब्द ऐकून जड कळत नाही, पाण्याची बादली उचलली की कळते.
• भाषा: मोठ्यांनी त्या अनुभवाला योग्य वेळी दिलेला शब्द.
• तुलना: ‘हे तसेच आहे का? मग वेगळे काय आहे?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येणे.

यातला फक्त शब्द मिळाला आणि बाकी दोन गोष्टी मिळाल्या नाहीत, तर मूल बोलते छान, पण अडते लवकर. चित्रांचे पत्ते दाखवून पन्नास प्राण्यांची नावे पाठ झालेल्या मुलाकडे पन्नास शब्द असतात, पन्नास संकल्पना असतीलच असे नाही.

आकडे म्हणणे आणि संख्या समजणे

हा फरक सर्वात स्पष्ट दिसतो तो संख्येच्या बाबतीत. अडीच-तीन वर्षांचे मूल ‘एक, दोन, तीन… दहा’ असे गाण्यासारखे म्हणते. त्याला ‘मला तीन बिया दे’ म्हटले तर ते मूठभर देते. ही बुद्धीची कमतरता नसते. संशोधनात असे दिसते की मुलाला आधी फक्त ‘एक’ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’. साधारण साडेतीन ते चार वर्षांच्या सुमारास त्याला उमगते की मोजताना म्हटलेला शेवटचा आकडा म्हणजे एकूण किती. काही मुलांना हे थोडे आधी कळते, काहींना थोडे उशिरा. पाठांतर मात्र त्याच्या कितीतरी आधी झालेले असते, म्हणून पालकांचा गोंधळ होतो.

मराठी मुलांपुढे आणखी एक अडचण असते. आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. ‘एकोणपन्नास’ म्हणजे पन्नासाला एक कमी, हे तर शब्द उलगडून सांगितल्याशिवाय कळतही नाही. त्यामुळे पहिली-दुसरीतल्या मुलाने २५ ऐवजी ५२ लिहिले, तर ते कानाने ऐकलेल्या क्रमाने लिहीत आहे असे समजायला जागा असते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला आणि तो विधिमंडळापर्यंत गेला. ती पद्धत कोणाला आवडो न आवडो, तिच्यामागचा प्रश्न खरा होता: संख्येचे नाव संख्या समजायला मदत करते की अडवते?

घरी ‘पंचवीस म्हणजे वीस आणि पाच’ असे दोन दहाच्या जुड्या व पाच सुट्या काड्या ठेवून दाखवले, तर बहुतेक मुलांचा हा गोंधळ हळूहळू सुटतो.

चुकीच्या उत्तरातला विचार

मुलांच्या चुका गांभीर्याने घेणारा शास्त्रज्ञ म्हणून झाँ पियाजे (१८९६-१९८०) यांचे नाव घेतले जाते. १९२० च्या सुमारास ते पॅरिसमध्ये मुलांच्या तर्कशक्तीच्या चाचण्या प्रमाणित करण्याचे काम करत होते. बरोबर उत्तरे मोजता मोजता त्यांचे लक्ष चुकीच्या उत्तरांकडे गेले. एकाच वयाची मुले एकाच पद्धतीने चुकत होती. म्हणजे ती अंदाजपंचे बोलत नव्हती, त्यांच्यामागे काही विचार होता.

त्यांचा प्रसिद्ध प्रयोग तुम्ही घरी करू शकता. दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी घ्या. एका पेल्यातले पाणी मुलासमोर उंच, अरुंद पेल्यात ओता. ‘आता कशात जास्त आहे?’ चार-पाच वर्षांचे मूल सहसा उंच पेल्याकडे बोट दाखवते. सहा-सात वर्षांच्या सुमारास तेच मूल म्हणते, ‘सारखंच आहे, तू काही वाढवलं नाहीस.’

पुढच्या संशोधकांनी यात एक महत्त्वाची भर घातली. स्कॉटलंडमध्ये १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वस्तूंची रांग संशोधकाने स्वतः न पसरवता एका ‘खोडकर’ अस्वलाच्या बाहुल्याने बिघडवली, असे मुलांना दाखवले. तेव्हा आधीच्या पद्धतीपेक्षा कितीतरी अधिक मुलांनी बरोबर उत्तर दिले. याचा एक अर्थ असा लावला जातो: मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला की मुलाला वाटते, ‘माझं पहिलं उत्तर चुकलं असणार.’ पाहुण्यांसमोर मुलाला ‘सांग बरं, नीट सांग’ असे पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या आपल्या सर्वांनाच हे लागू आहे.

बुद्ध्यांक काय सांगतो, काय सांगत नाही

बुद्धीची पहिली उपयुक्त चाचणी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये फ्रान्समध्ये तयार केली. शाळेत कोणत्या मुलांना जास्तीची मदत लागेल, हे ओळखणे हा तिचा हेतू होता. बुद्धी जन्मभर एकाच आकड्यावर थांबते, हे बिने यांना मान्य नव्हते. हीच चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी रूपांतरित केली. ती ‘बिने-कामत चाचणी’ म्हणून आपल्याकडे ओळखली जाते. नागपूरमध्ये मालिन यांनी भारतीय मुलांसाठी तयार केलेली चाचणीही अनेक ठिकाणी वापरली जाते.

आजच्या चाचण्यांत सरासरी १०० धरली जाते. सुमारे ६८ टक्के मुले ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात. ७० च्या खाली साधारण २ टक्के.

या चाचण्यांचा एक भाग थेट संकल्पनांवर असतो. ‘आंबा आणि केळं यांत सारखं काय?’ एक मूल म्हणते, ‘दोन्ही फळं आहेत.’ दुसरे म्हणते, ‘दोन्ही पिवळी असतात.’ तिसरे म्हणते, ‘दोन्ही आई शिकरणात घालते.’ पहिल्याला जास्त गुण मिळतात, कारण त्याने अमूर्त गट सांगितला. पण तिसऱ्याने गट केलाच नाही असे नाही. त्याने वापरावरून गट केला.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांना १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात हेच दिसले. हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका यांतले वेगळे काय, असे विचारल्यावर शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यांनी ओंडका बाजूला काढायला नकार दिला. लाकूडच नसेल तर हत्यारे कशाला? थोडेफार शिक्षण घेतलेले लोक मात्र ‘तीन हत्यारे आणि एक लाकूड’ असे सांगत होते. शेतकऱ्यांना विचार करता येत नव्हता असे म्हणता येणार नाही. शाळा एक विशिष्ट तऱ्हेचे वर्गीकरण शिकवते आणि बुद्धीची चाचणी बहुतांशी तेच वर्गीकरण तपासते.

म्हणून बुद्ध्यांकाकडे असे पाहा:

• तो निरुपयोगी नाही. शाळेतली प्रगती कशी होईल, मदत कुठे लागेल, याचा बऱ्यापैकी अंदाज तो देतो.
• तो रक्तगटासारखा कायमचा नाही. भाषा, सवय, झोप, भीती, तपासणाऱ्याशी जमलेली ओळख यांनी तो बदलतो. लहान वयात तर तो फारच अस्थिर असतो. म्हणून पाच वर्षांखालील मुलांत डॉक्टर सहसा ‘विकासातील विलंब’ असा शब्द वापरतात, थेट बौद्धिक अक्षमतेचे निदान करत नाहीत.
• केवळ आकड्यावरून बौद्धिक अक्षमता ठरत नाही. स्वतःचे जेवण, कपडे, संवाद, पैशांचा वापर, सुरक्षितता अशी रोजची कामे वयानुसार जमतात का, हेही पाहणे आवश्यक असते.
• चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत, प्रशिक्षित चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडूनच व्हावी. मोबाइलवरच्या ‘आयक्यू टेस्ट’ला काही अर्थ नाही.

शाळेतली आकडेवारी कशी वाचावी?

‘असर २०२४’ या ग्रामीण भागातील सर्वेक्षणात देशभरात तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांना निदान हातच्याची वजाबाकी करता आली. २०२२ मध्ये हे प्रमाण २५.९ टक्के होते. सुधारणा आहे, पण तिसरीतील तीनपैकी दोन मुलांना ती जमत नाही, हेही खरे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, असे त्याचे उद्दिष्ट आहे.

या आकड्यांतून पालकांनी काय घ्यावे? बौद्धिक अक्षमता असणारी मुले शेकडा दोनच्या आसपास असतात. वजाबाकी न येणारी शेकडा सहासष्ट आहेत. म्हणजे तुमच्या मुलाला वजाबाकी येत नसेल, तर पहिला संशय त्याच्या मेंदूवर घेण्याचे कारण नाही. त्याला ती कशी शिकवली गेली, हातच्याची संकल्पना वस्तू हाताळून झाली की थेट फळ्यावरून उतरवली गेली, हे आधी विचारावे लागते.

नवीन शिक्षण धोरणात ३ ते ८ वर्षे हा एकच ‘पायाभूत स्तर’ मानला आहे आणि पहिलीसाठी सहा वर्षांचे वय सांगितले आहे. ‘वर्ष वाया जाईल’ म्हणून अनेक पालक लवकर प्रवेशासाठी धडपडतात. पण पेल्यातल्या पाण्याचा प्रयोग आठवा. पाच आणि सात वर्षांच्या मुलाच्या विचारात खरोखर फरक असतो. वर्गातले सर्वात लहान मूल अनेकदा ‘चंचल’ किंवा ‘मागे’ वाटते, ते केवळ लहान असल्यामुळे.

भाषेचाही प्रश्न असतो. पहिलीपासून तिसरी भाषा असावी का, यावर २०२५ मध्ये महाराष्ट्रात मोठा वाद झाला आणि जूनअखेरीस शासनाने संबंधित निर्णय मागे घेतले. त्यातले राजकारण बाजूला ठेवून डॉक्टर म्हणून दोन गोष्टी सांगता येतात. दोन भाषा कानावर पडल्याने मूल मंद होत नाही आणि बोलण्यातला खरा विलंबही त्यामुळे होत नाही. मात्र संकल्पना ज्या भाषेत मोकळेपणाने बोलता येते तिच्यात पक्की होते. एकदा ‘अर्धा’ म्हणजे काय हे भाकरी मोडून मराठीत कळले, की ‘हाफ’ हे त्याचे दुसरे नाव ठरते. ज्या भाषेत आईवडिलांना स्वतःलाच चार वाक्यांपुढे बोलता येत नाही, तिच्यात मुलाशी बोलण्याचा हट्ट धरला, तर मुलाला शब्द मिळतात, पण गप्पा मिळत नाहीत.

शिकण्याआड येणारी शरीराची कारणे

मुलाच्या बुद्धीबद्दल शंका घेण्यापूर्वी डॉक्टर काही साध्या गोष्टी तपासतात, कारण त्यांवर उपाय आहे.

• ऐकू कमी येणे: सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठल्यानेही मुलाला अस्पष्ट ऐकू येते. जे शब्द नीट ऐकू येत नाहीत, त्यांची संकल्पना नीट कशी घडणार?
• दिसण्यातला दोष: फळा न दिसणारे मूल तक्रार करत नाही, कारण सगळ्यांना तसेच दिसते असे त्याला वाटते.
• लोहाची कमतरता: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण देशात ६७.१ टक्के, तर महाराष्ट्रात ६८.९ टक्के होते. मेंदूच्या वाढीला लोह लागते. कमतरतेत मूल थकलेले, चिडचिडे आणि लक्ष न लागणारे होते. अंगणवाडी व आशा सेविकांमार्फत लहान मुलांना लोहाचे सिरप दिले जाते, ते चुकवू नका. मात्र डोस मनाने वाढवू नका.
• थायरॉइड: जन्मजात थायरॉइडची कमतरता वेळेत ओळखून उपचार केले, तर बौद्धिक अक्षमता टाळता येते. म्हणून नवजात बाळाची तपासणी महत्त्वाची.
• झोप आणि पडदा: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दोन वर्षांखालील मुलांनी मोबाइल-टीव्ही पाहू नये आणि २ ते ४ वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. पडद्यावरचे सफरचंद गोल दिसते, पण त्याला वजन, वास आणि चव नसते.
• घरातील ताण: सततची भांडणे, मारहाण, शाळेतली चिडवाचिडवी यांमुळे हुशार मूलही गप्प होते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

‘होईल मोठेपणी शहाणा’ म्हणून थांबणे काही वेळा महागात पडते. पुढीलपैकी काही दिसल्यास वाट पाहू नका.

• एक वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही, बडबड करत नाही, बोट दाखवत नाही किंवा टाटा करत नाही.
• दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडणी नाही.
• तीन वर्षांपर्यंत साध्या सूचना समजत नाहीत, भातुकलीसारखा खोटा-खोटा खेळ खेळत नाही.
• पाच वर्षांपर्यंत घडलेली छोटी गोष्ट सांगता येत नाही, कपडे घालणे-खाणे यांत वयाच्या मानाने खूपच मदत लागते.
• दुसरी-तिसरीपर्यंत चांगले शिकवूनही वाचन, लेखन किंवा गणित अडते, पण तोंडी समज चांगली आहे. ही अध्ययन अक्षमता असू शकते. तिचे पक्के निदान साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास होते, मदत मात्र त्याआधी सुरू करता येते.
• कोणत्याही वयात आधी येत असलेले बोलणे, खेळणे किंवा कौशल्य नाहीसे झाले. ही सर्वात तातडीची खूण आहे.

२०१३ पासून सुरू असलेल्या ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’त जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत व शाळेत मोफत तपासणी होते. गरज पडल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता यांचा समावेश आहे. त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती व इतर मदत मिळू शकते. प्रमाणपत्राला अनेक पालक कलंक समजतात. प्रत्यक्षात ते मुलाच्या हक्काची मदत मिळवण्याचे साधन आहे.

घरी काय करता येईल?

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा बिया, पाने, शिंपले आणि खडे हेच शिकण्याचे साहित्य होते. तुमच्या स्वयंपाकघरात त्याहून जास्त आहे.

• निवडायला द्या: डाळी, कडधान्ये, बटणे, धुतलेले मोजे. मग विचारा, ‘तू असे गट का केलेस?’ उत्तर कोणतेही असो, कारण ऐका. नंतर म्हणा, ‘आता दुसऱ्या तऱ्हेने करून बघ.’
• मोजायला द्या: ताटे मांडताना ‘आज आपण पाच जण, आजी गावाला गेली, मग ताटं किती?’ हीच वजाबाकी.
• सुटे पैसे हातात द्या: आता बहुतेक व्यवहार मोबाइलवर होतात. मुलाला फक्त ‘टिंग’ ऐकू येते, पैसे कमी झालेले दिसत नाहीत. आठवड्यातून एकदा वाण्याकडे रोख पैसे देऊन मुलाला हिशेब करू द्या.
• मग तोच हिशेब वहीत मांडा: बाजारातून आल्यावर ‘आपण पन्नास दिले, बत्तीस झाले, अठरा परत आले. हे कसं लिहायचं?’ अभ्यासात जो पूल मुलांकडे नव्हता, तो इथे बांधला जातो. उलटही करा: वहीत ‘५० - ३२’ दिसले की विचारा, ‘यावर दुकानाची गोष्ट तयार कर.’
• चुकले तर आधी विचारा: ‘चूक!’ म्हणण्याआधी ‘कसं केलंस ते सांग’ म्हणा. तिथेच कळते की मूल कुठे अडले आहे.
• वेळेचे शब्द वापरा: काल, आज, उद्या यांचा गोंधळ चार-पाच वर्षांपर्यंत चालतो. आपल्या भाषेत ‘परवा’ तर मागचाही असतो आणि पुढचाही. दिनदर्शिकेवर बोट ठेवून दाखवा.

आणि खर्च कुठे करू नये, तेही सांगायला हवे. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता व करिअर सांगणाऱ्या चाचण्या, डोळे बांधून वाचायला शिकवणारे ‘ब्रेन अॅक्टिव्हेशन’ वर्ग आणि ‘स्मरणशक्ती वाढवणारी’ सिरप यांना शास्त्रीय आधार नाही. त्या पैशांत डोळे व कान तपासून घ्या आणि घरात चार गोष्टींची पुस्तके आणा.

तपासणीला जाताना

‘माझं मूल हुशार आहे का?’ या प्रश्नाला कोणताही डॉक्टर दहा मिनिटांत प्रामाणिक उत्तर देऊ शकत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी लिहून न्या: मुलाला घरी काय काय आपणहून जमते, नेमके कुठे आणि कोणत्या तऱ्हेच्या प्रश्नाला अडते, आणि हे केव्हापासून दिसते. सोबत शाळेची वही न्या, विशेषतः चुकलेली पाने. घरच्या भाषेत बोलतानाचा मुलाचा दोन मिनिटांचा व्हिडिओही उपयोगी पडतो. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीपेक्षा या गोष्टींवरून डॉक्टरांना आणि मानसशास्त्रज्ञांना जास्त कळते.

आणि तोपर्यंत मुलासमोर ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘गणितात कच्चा’ हे शब्द वापरू नका. मुले अनुभवावरून गट करतात हे आपण पाहिले. तोच शब्द रोज कानावर पडला, तर मूल स्वतःलाही त्याच गटात टाकते, आणि तो गट नंतर फोडणे फार कठीण जाते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या मुलाबाबत निर्णय घेण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.)